हॉगवर्ट्समध्ये स्वयंपाक कोण करतं?

प्रिय मुला,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लेख मिळाला, सावकाश वाचला. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं तू जीव लावून वाचली आहेस हे पहिल्याच पानावर कळतं. भाषा स्वच्छ आहे, नावं आणि घटना बिनचूक आहेत. तरीही हा लेख आहे तसा छापायला देऊ नकोस, असं सांगायला हे पत्र लिहिते आहे. का, तेही सविस्तर सांगते.

तू मथळे पाडले आहेस: मैत्री, धैर्य, मातृप्रेम, सत्तेचा मोह, मृत्यूचं भय, सुष्ट-दुष्टांची झुंज. प्रत्येकाखाली एक परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदात दोन उदाहरणं. यातलं काहीही खोटं नाही. पण मथळे तसेच ठेवून खालची नावं बदलली, तर हाच लेख मुलांच्या दुसऱ्या कुठल्याही साहसकथेला चालेल. शाळेत प्रत्येक धड्याखाली ‘या पाठातून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न आपल्याकडून इतकी वर्षं सोडवून घेतलेला असतो की गोष्ट संपली रे संपली, आपण बोध शोधायला लागतो. ती सवय या लेखापुरती बाजूला ठेव. ही कथा पुढे सरकते कशाच्या जोरावर, कोणाच्या कुठल्या कृतीमुळे, ते शोध. आशय तिथेच सापडतो.

मी एक धागा सुचवते. तो तुझ्या लेखात नावालाही नाही, आणि माझ्या मते या मालिकेतलं सगळ्यात खोल लेखन त्या धाग्यावर आहे. जेवणापासून सुरुवात कर.

पहिलं पुस्तक 1997 साली आलं. त्यात हॅरी हॉगवर्ट्सला पोहोचतो त्या रात्रीची मेजवानी आठव. सोन्याची रिकामी ताटं समोर असतात आणि बघता बघता ती भरतात: भाजलेलं मांस, बटाटे, सॉस, मग पुडिंगं आणि आइस्क्रीम. मावशीच्या, म्हणजे डर्स्लींच्या घरी कधी पोटभर न जेवलेला मुलगा हे सगळं बघतो आणि आपणही त्याच्याबरोबर हरखून जातो. जादूची शाळा म्हटल्यावर जेवण जादूनं येणारच, असं धरून चालतो. दुसऱ्या पुस्तकात तेच, तिसऱ्यात तेच. चौथं पुस्तक 2000 साली आलं, आणि त्यातल्या पहिल्या मेजवानीत, म्हणजे हॉगवर्ट्समधल्या चौथ्या वर्षी, ग्रिफिंडोर या हॅरीच्या विद्यार्थी-गटाचं भूत सहज बोलून जातं की खाली स्वयंपाकघरात शंभराहून जास्त हाउस-एल्फ, म्हणजे घरकामाला बांधलेले बुटके जादूई जीव, राबतात. ब्रिटनमधल्या कुठल्याही वास्तूत नाहीत एवढे. हॅरीची मैत्रीण हर्मायनी हातातलं जेवण खाली ठेवते. तीन वर्षं ती या शाळेत जेवली, हॉगवर्ट्सचा जाडजूड इतिहास तिचा पाठ झालेला, आणि स्वयंपाक करणाऱ्यांचा त्यात एका शब्दानं उल्लेख नाही, हे तिच्या लक्षात येतं.

हे दोन प्रसंग एकाच बैठकीत, एकापाठोपाठ वाच. पहिल्या पुस्तकातल्या मेजवानीची चव बदलते. लेखिकेनं, जे. के. रोलिंगनं, आधी तीन पुस्तकं आपल्याला त्या ताटावर बसवलं, आवडीनं जेवू घातलं आणि मग विचारलं की हे रांधलं कोणी? न दिसणारी माणसं कशी न दिसणारी होतात, याचा अनुभव तिनं वाचकालाच दिला आहे. आपण त्यांना पाहिलं नाही, कारण पाहावं असं आपल्याला वाटलंच नाही.

थोडी लोककथांची माहिती इथे उपयोगी पडेल. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लोककथांत ब्राउनी नावाचा घरातला आत्मा असतो. रात्री सगळे झोपले की तो झाडलोट करतो, दळण-कांडण करतो आणि त्याच्यासाठी ठेवलेलं दूध-सायीचं भांडं घेतो. पण कुणी त्याला कपडे दिले की तो घर सोडून जातो. ग्रिम बंधूंच्या संग्रहातली चांभार आणि बुटक्यांची गोष्ट तुला ठाऊक असेलच. तिथेही कपडे मिळाल्यावर बुटके नाचत निघून जातात. जुन्या कथा घरमालकाच्या बाजूनं सांगितलेल्या आहेत: कपडे देऊ नका, नाहीतर फुकटचा मदतनीस जाईल. या मालिकेत नियम तोच ठेवला आहे, फक्त गोष्ट सांगणारा बाजू बदलून बसला आहे. कपडा म्हणजे सुटका. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी हॅरी आपल्या मोज्यात एक डायरी घालून ती डॉबी या एल्फाच्या मालकाच्या, ल्युशियस मॅलफॉयच्या हाती देतो, ल्युशियस वैतागून मोजा काढून भिरकावतो आणि डॉबी तो झेलतो. ल्युशियसनं तो मोजा कुणाच्या दिशेनं फेकला हे बघितलंसुद्धा नाही. डॉबी मोकळा झाला तो मालकाच्या या बेफिकिरीमुळे, आणि पुढे अख्खी मालिका याच बेफिकिरीवर फिरते.

आता क्रीचर, ब्लॅक घराण्याचा म्हातारा एल्फ. तुझ्या लेखात त्याचं नाव एकदाच आलं आहे, ‘सिरियसच्या घरातला दुष्ट नोकर’ म्हणून. तिथे मी लाल खूण केली आहे. त्याच्यापाशी थांब.

आधी हॅरीच्या धर्मपित्याचं, सिरियस ब्लॅकचं, एक वाक्य शोध. चौथ्या पुस्तकात क्राउच नावाचा जादू मंत्रालयातला बडा अधिकारी आपल्या विंकी नावाच्या एल्फला सगळ्यांसमोर हाकलून देतो. त्यावर बोलताना सिरियस मुलांना सांगतो की माणूस कसा आहे हे ओळखायचं असेल, तर तो बरोबरीच्यांशी कसा वागतो ते बघू नका, हाताखालच्यांशी कसा वागतो ते बघा. या वाक्याचे सुविचार करून लोक भिंतीवर लावतात. पण लेखिकेनं ते सिरियसच्या तोंडी घातलं आहे, हे फार थोडे वाचक लक्षात ठेवतात. कारण पुढच्याच पुस्तकात हा सिरियस स्वतःच्या घरातल्या क्रीचरशी कसा वागतो? त्याला समोरून हाकलतो, त्याच्या मौल्यवान वस्तू कचऱ्यात टाकतो, त्याची पुटपुट ऐकून शिव्या देतो. सिरियस वाईट माणूस नाही. इतर एल्फांशी तो चांगलाच वागत असे, असं हॉगवर्ट्सचे मुख्याध्यापक डंबलडोर नंतर सांगतात. पण बारा वर्षं तुरुंगात काढून तो त्याच घरात कोंडला गेला आहे, ज्या घरातून सोळाव्या वर्षी पळाला होता. क्रीचर म्हणजे त्या घराचा उरलेला आवाज. आईचा राग तो नोकरावर काढतो.

नाताळच्या थोडं आधी सिरियस त्याच्यावर ओरडतो, चालता हो म्हणतो. क्रीचर हा हुकूम शब्दशः घेतो आणि घर सोडून ल्युशियसच्या बायकोकडे, नार्सिसा मॅलफॉयकडे जातो. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या विरोधकांच्या गुप्त ठिकाणाचा पत्ता तो सांगू शकत नाही, ती बंधनं त्याच्यावर आहेतच. पण सिरियसचा हॅरीवर सगळ्यात जास्त जीव आहे आणि हॅरीच्या मनात त्याची जागा बापाची आणि भावाची आहे, एवढं सांगायला कुणी मना केलेलं नसतं, कारण हे क्रीचरच्या लक्षात येत असेल असं कुणाला वाटलेलंच नसतं. पुढचं तुला माहीत आहे. व्होल्डेमॉर्ट हॅरीला सिरियस संकटात असल्याचं खोटं स्वप्न दाखवतो, तो खात्री करायला शेकोटीतून डोकं घालतो, क्रीचर सिरियस घरात नाही म्हणून सांगतो, आणि मंत्रालयाच्या गूढ विभागातल्या त्या पडद्याआड सिरियस कायमचा जातो.

हॅरी संतापून क्रीचरला दोष देतो. डंबलडोर त्याला जे सांगतात ते मूळ पुस्तकातून नीट उतरवून घे, पण लेखात आपल्या शब्दांत मांड: उघड तिरस्कारापेक्षा दुर्लक्ष आणि उपेक्षा यांनी जास्त नुकसान होतं. आणि त्याच बोलण्यात ते मंत्रालयातल्या कारंज्याचा उल्लेख करतात. सोन्याचा जादूगार, सोन्याची चेटकी आणि त्यांच्याकडे भक्तिभावानं बघणारे सेंटॉर, गॉब्लिन आणि हाउस-एल्फ हे माणसांहून वेगळे जीव, असं ते कारंजं आहे. डंबलडोर म्हणतात, ते कारंजं खोटं बोलत होतं. सातव्या पुस्तकात मंत्रालय व्होल्डेमॉर्टच्या हाती जातं तेव्हा त्या जागी काळ्या दगडाचा पुतळा येतो, त्यातली सिंहासनं जादू न येणाऱ्या साध्या माणसांच्या चेंगरलेल्या उघड्या शरीरांची बनलेली असतात. हे दोन पुतळे शेजारी शेजारी ठेवून बघ. दुसरा भयंकर आहे हे कुणालाही कळतं. पहिल्याकडे बघून कुणालाच काही खटकलं नव्हतं, लहानपणापासून त्याच्यासमोरून ये-जा करणाऱ्या भल्या माणसांनाही. सत्ता पालटली की क्रौर्य आकाशातून पडत नाही, त्याची पूर्वतयारी सोन्याच्या कारंज्यात झालेली असते. तू ‘सत्तेचा मोह’ या मथळ्याखाली व्होल्डेमॉर्टवर अर्धं पान लिहिलं आहेस. त्याऐवजी या दोन पुतळ्यांवर लिही.

क्रीचरची दुसरी बाजू कळायला सातवं पुस्तक यावं लागतं, ते 2007 साली आलं. ‘क्रीचरची कहाणी’ हे प्रकरण पुन्हा वाच, आणि या वेळी कोण कोणाला माणूस समजतं एवढंच बघत वाच. व्होल्डेमॉर्टला गुहेतल्या पहाऱ्याची चाचणी घ्यायची असते. त्यासाठी तो ब्लॅक घराण्याकडून एक एल्फ मागून घेतो. त्याला ते जळजळीत विष प्यायला लावतो, आपल्या आत्म्याचा तुकडा दडवलेलं लॉकेट तिथे ठेवतो आणि प्रेतांनी भरलेल्या तळ्याकाठी त्याला मरायला सोडून निघून येतो. पण क्रीचर घरी परततो. कसा परतला, असं हॅरी पुन्हा पुन्हा विचारतो आणि क्रीचरला तो प्रश्नच कळत नाही. त्याचा मालक रेग्युलस यानं काम झालं की घरी यायला सांगितलं होतं, म्हणून तो आला. जिथून कुणी जादूगार अदृश्य होऊन निसटू शकत नाही, तिथून एल्फ निसटू शकतो, कारण त्याची जादू वेगळी. एवढ्या मोठ्या जादूगाराला हे ठाऊक नव्हतं. अजिंक्य होण्यासाठी त्यानं जगातली सगळी काळी विद्या धुंडाळली, पण एल्फाला काय येतं हे विचारावंसं त्याला कधी वाटलं नाही.

आणि रेग्युलस. सिरियसचा धाकटा भाऊ, मृत्युभक्षकांत, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या अनुयायांत, सामील झालेला, सिरियसच्या लेखी मूर्ख आणि भित्रा. आपल्या एल्फावर काय गुजरलं हे ऐकून तो फिरतो. क्रीचरला घेऊन पुन्हा गुहेत जातो, या वेळी विष स्वतः पितो, लॉकेट बदलायला सांगतो, तू घरी जा आणि हे नष्ट कर म्हणतो आणि तळ्यातली प्रेतं त्याला खाली ओढून नेतात. त्यानं घरच्यांनाही काही सांगितलं नाही. व्होल्डेमॉर्टविरुद्धचं हे बंड रक्तशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या घरातल्या अठरा वर्षांच्या पोरानं केलं, तेही एका नोकराला झालेल्या यातना सहन न होऊन. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी खोट्या लॉकेटमधल्या चिठ्ठीवर आर. ए. बी. ही अक्षरं वाचल्यापासून वाचक तो कोण याचा शोध घेत असतो. उत्तर मिळतं ते स्वयंपाकघरात राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून, ज्याला आजवर कुणी काही विचारलेलं नसतं. लॉकेट त्याच घरात होतं. साफसफाईत मुलांनीच ते हाताळलं होतं.

या प्रकरणात हर्मायनी एक निदान करते, ते तुझ्या लेखाच्या मध्यभागी यायला हवं. एल्फांना कसं वागवलं याची किंमत जादूगारांना मोजावी लागेल असं मी म्हणतच होते, व्होल्डेमॉर्टनं ती मोजली आणि सिरियसनंही, असं ती म्हणते. पुस्तकातला सगळ्यात क्रूर माणूस आणि हॅरीला सगळ्यात जवळचा माणूस यांना ती एका वाक्यात शेजारी बसवते. हे लिहायला धाडस लागतं. तू पात्रांचे चांगले आणि वाईट असे दोन रकाने केले आहेस. हे वाक्य त्या दोन्ही रकान्यांच्या मधली रेघ पुसतं.

मग हॅरी काय करतो? क्रीचरला नम्रपणे उठून बसायला सांगतो, काम देतो आणि रेग्युलसचं ते खोटं लॉकेट त्याच्या हातात ठेवतो, ते तुझं आहे म्हणून. क्रीचर हमसून हमसून रडतो. पुढच्या प्रकरणांत घर झळाळतं, सूप शिजतं, स्वच्छ पंचा गुंडाळलेला क्रीचर दारात स्वागताला असतो. मंत्रालयाच्या मोहिमेवर निघताना संध्याकाळी स्टेक-अँड-किडनी पाय करून ठेवतो असं तो सांगतो आणि हॅरी, हर्मायनी आणि त्यांचा मित्र रॉन त्या घरी कधीच परतू शकत नाहीत. हा तपशील मुलांना हमखास लागतो. वर्गात वाचून दाखवताना मी पाहिलं आहे, युद्धात माणसं मरतात तिथे न रडणारी मुलं या पायपाशी गप्प होतात.

चित्रपटांबद्दल एक सूचना. त्यांच्या आठवणीवर विसंबू नकोस. विंकी चित्रपटांत नाहीच, हर्मायनीची एल्फांच्या हक्कांसाठीची संघटनाही नाही. चौथ्या पुस्तकात तळ्याखालच्या परीक्षेसाठी हॅरीला गिलीवीड ही पाण्याखाली श्वास घेऊ देणारी वनस्पती डॉबी आणून देतो, चित्रपटात ते काम वर्गमित्र नेव्हिलकडे गेलं आहे. शेवटच्या लढाईत स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन हॉगवर्ट्सचे एल्फ वर येतात आणि त्यांच्या पुढे रेग्युलसचं नाव घेत क्रीचर असतो, हेही पडद्यावर आलेलं नाही. पटकथेत काटछाट करावीच लागते, हे मान्य. पण काय कापलं ते बघितलंस, तर पुस्तकातले जादूगार जिथे बघत नव्हते तिथेच पडद्यानंही बघितलेलं नाही. लेखात यासाठी एक परिच्छेद खर्च करायला हरकत नाही.

नेव्हिलवर तू चांगलं लिहिलं आहेस, त्यात फार बदल नको. फक्त व्होल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या मुलाबद्दलच्या भविष्यवाणीचा मुद्दा नीट मांड. जुलैच्या अखेरीस जन्मलेली दोन बाळं होती आणि भविष्यवाणी दोघांनाही लागू होती. शुद्ध रक्ताच्या नेव्हिलला सोडून व्होल्डेमॉर्टनं स्वतःसारख्या मिश्र रक्ताच्या हॅरीला निवडलं. व्होल्डेमॉर्टच्या सापाला मारायचं शेवटचं काम मात्र त्यानं न निवडलेल्या मुलाकडे येतं. आणि सेंट मंगोज रुग्णालयातला तो प्रसंग विसरू नकोस: छळानं मन हरपलेली आई च्युइंग गमचा रिकामा कागद मुलाच्या हातात ठेवते, आजी तो कचऱ्यात टाक म्हणते, आणि नेव्हिल तो गुपचूप खिशात घालतो. तुझा मातृप्रेमाचा परिच्छेद हॅरीच्या आईच्या, लिलीच्या बलिदानावर आहे, तो सगळेच लिहितात. हा कागद घे.

डॉबीच्या मृत्यूवर तू लिहिलेलं वाचून माझंही मन भरून आलं. पण तू मृत्यूपाशी थांबला आहेस, लेखिका पुढे गेली आहे. हॅरी ती कबर जादूनं खणत नाही, फावड्यानं खणतो, तळहाताला फोड येईपर्यंत. त्या खणण्यातच त्याचं डोकं थाऱ्यावर येतं. व्होल्डेमॉर्टचे विचार आपल्या मनात शिरू न देणं त्याला स्नेप या शिक्षकाच्या शिकवण्यांत कधी जमलं नव्हतं, ते इथे दुःखानं जमतं. आणि जादूच्या अजिंक्य कांडीच्या मागे लागायचं की हॉरक्रक्स, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचे तुकडे दडवलेल्या वस्तू, शोधायचे, याचा निर्णय तो त्या खड्ड्यात उभा राहून करतो. मालिकेच्या शेवटाची दिशा एका एल्फाच्या कबरीत ठरते. हे सगळं ग्रिपहुक नावाचा गॉब्लिन बघत असतो, आणि एल्फासाठी स्वतः कबर खणणारा जादूगार त्याला विलक्षण वाटतो.

पण इथेच लेखिका हॅरीलाही सोडत नाही, हे बघ. ग्रिपहुक बँकेतला हॉरक्रक्स मिळवायला केलेल्या मदतीच्या मोबदल्यात ग्रिफिंडोरची तलवार मागतो. हॅरी देतो म्हणतो, पण कधी ते सांगायचं टाळायचं ठरवतो. हॉरक्रक्स संपेपर्यंत तलवार आपल्याकडे ठेवायची असा त्याचा बेत असतो. हर्मायनीला हे आवडत नाही. हॅरीलाही मनात टोचतं. जादूगारांनी गॉब्लिनांना कांड्या वापरू दिल्या नाहीत, त्यांनी घडवलेल्या वस्तू आपल्या मानल्या, हा शतकांचा इतिहास मध्ये उभा आहे. तलवार घडवणाऱ्याची की पैसे देणाऱ्याची, यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटतात. ग्रिपहुक शेवटी दगा देतो हे खरं, पण दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवलेला नव्हता.

आता जिथे पुस्तक कमी पडतं तिथे ये. तुझ्या लेखात मालिकेविरुद्ध एक शब्द नाही. प्रेमापोटी असं होतं, पण ज्या पुस्तकावर प्रेम आहे त्याच्याशी भांडताही आलं पाहिजे. हर्मायनीची संघटना पुस्तकात बराच काळ थट्टेचा विषय आहे. संघटनेच्या S.P.E.W. या संक्षिप्त नावाचा इंग्रजीत ओकारी असा अर्थ होतो, आणि रॉनपासून हॅग्रिडपर्यंत सगळे हर्मायनीला सांगतात की एल्फांना काम करायलाच आवडतं. तीही चुकतेच. पाचव्या पुस्तकात ती टोप्या विणून ग्रिफिंडोरच्या दालनात लपवून ठेवते, एल्फांना न विचारता त्यांना मुक्त करू पाहते. ते अपमान समजून तिथे झाडायला यायचंच बंद करतात, आणि सगळ्या टोप्या एकटा डॉबी उचलतो. इथे लेखिकेला काहीतरी मोलाचं दिसलं होतं: ज्याचं भलं करायचं त्यालाच न विचारता केलेलं भलं. पण ते ती पुरतं उलगडत नाही. विंकी बटरबिअर पीत स्वयंपाकघरात पडून राहते आणि तिचं पुढे काय झालं याकडे कथा वळत नाही. डंबलडोर डॉबीला पगार म्हणून आठवड्याला दहा गॅलिअन, म्हणजे सोन्याची नाणी, देऊ करतात, डॉबी घासाघीस करून ते एकावर आणतो, हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. मला त्यात जन्मभर गुलामीत राहिलेल्या जिवाची भीती दिसते. तुला काय दिसतं ते लिही.

आणि शेवटचं वाक्य. उपसंहार सोडला तर कथा संपते ती अशी: युद्ध जिंकलेला, दमलेला हॅरी आपल्या पलंगाचा विचार करतो आणि क्रीचर तिथे सँडविच आणून देईल का, असा विचार त्याच्या मनात येतो. काही वाचकांना यात जिव्हाळा दिसतो: घर मिळालेला मुलगा, आणि त्याला खाऊ घालणारं कुणीतरी. काहींना यात चटका बसतो: क्रीचर अजून मालकीचाच आहे, तोही रात्रभर लढला आहे, त्याला कुणी सँडविच आणून द्यायचं? मी दुसऱ्या बाजूची आहे. सात पुस्तकं ज्या उपेक्षेची किंमत दाखवत आली, तिच्याकडे परतून कथा तिथेच थांबते असं मला वाटतं. पण लेखिका तरुणपणी लंडनला अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या आफ्रिकाविषयक संशोधन विभागात काम करत होती. तिथे वाचलेल्या छळाच्या हकिगतींबद्दल ती 2008 साली हार्वर्डच्या भाषणात बोलली आहे. अशा लेखिकेला हे दिसलं नसेल असं धरून चालू नकोस. हॅरीच्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच ती दाखवत असेल, अशीही एक शक्यता आहे. दोन्ही वाचनं लेखात राहू देत, निकाल लगेच लावू नकोस.

आता लिहिण्याबद्दल थोडं. ज्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी कथानक पाच ओळींत उरक, त्याहून जास्त नको. लेखिकेचं चरित्र, खपाचे आकडे, चित्रपटांची कमाई हे सगळं काढून टाक, ते कुठेही मिळतं. इंग्रजी समीक्षेतले शब्द जसेच्या तसे घेतलेस तिथे मी खुणा केल्या आहेत. ‘अस्मितेचं राजकारण’ असं म्हणण्याऐवजी कोण कुणाला काय म्हणालं ते सांग, वाचक हुशार असतो.

आणि तू कुठे बसून हे वाचतो आहेस, ते लेखात येऊ दे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो, सिंकच्या खाली नाहीतर खिडकीत. त्या घरातलं मूल क्रीचर वाचतं तेव्हा त्याला ब्रिटिश मुलापेक्षा वेगळं काही कळत असणार. मालकानं टाकलेल्या उशीच्या अभ्र्यातच गुंडाळलेला एल्फ आणि जुने कपडे देऊन आपण उपकार केले असं मानणारी घरं, यांच्यामध्ये काय नातं आहे आणि कुठे नाही, हे तूच लिहू शकशील. पण एक-दोन परिच्छेदांत आटप. लेख हॉगवर्ट्सचाच राहू दे, तिथल्या गोष्टी ओढूनताणून इथल्या करू नकोस.

या धाग्यावर लिहायचं ठरवलंस तर दुसरं, चौथं, पाचवं आणि सातवं पुस्तक पुन्हा वाचावं लागेल. वही घेऊन बस आणि एल्फ जिथे जिथे येतो, बोलतो किंवा नुसता मागे उभा असतो, ते पान टिपून ठेव. बार्टी क्राउचचा मुलगा अदृश्य होऊन विंकीशेजारी बसतो ते दृश्य आणि मूडी या शिक्षकाचं रूप घेतलेला तोच मुलगा डॉबीला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं बोलतो ते दृश्य सुटू देऊ नकोस. नोकराच्या कानाला किंमत असते हे खलनायकाला कळलेलं आहे, हे तिथे दिसतं. मसुदा लांबला तरी चालेल, कापायला मी आहे. जूनअखेर पाठवलास तर दिवाळी अंकाच्या संपादकांकडे द्यायला पुरेसा वेळ राहील. आणि सँडविचच्या वाक्याबद्दल तुझं मत माझ्याहून वेगळं असेल तर ते कारणांसकट लिही, मला ते वाचायचं आहे.

तुझ्या,
बाई